लोकवर्गणी आणि लोकमत : हॉवर्ड डीन यांची उमेदवारी (२००३-२००४)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अध्यक्षपदाचा उमेदवार निवडण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर त्या देशाच्या राज्यघटनेत सापडत नाही. राजकीय पक्षांचा उल्लेखही तीत नाही. हा अधिकार पक्षांच्या वहिवाटीने ठरत आला आणि वहिवाट बदलली की तोही एका हातातून दुसऱ्या हाती गेला. १९६८ साली शिकागो येथील अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षाने ह्यूबर्ट हम्फ्री यांस उमेदवारी दिली, तेव्हा ते एकाही प्राथमिक निवडणुकीत उतरलेले नव्हते. या प्रकाराने उसळलेल्या असंतोषातून मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग जन्मास आला आणि १९७२ पासून राज्योराज्यीच्या प्राथमिक निवडणुका व कॉकस सभा यांनाच उमेदवारीचा निर्णय करण्याचे सामर्थ्य प्राप्त झाले. पक्षधुरीणांच्या बंद दालनातील निर्णय सामान्य मतदाराच्या हाती आला, असे त्या काळी मानले गेले.

तथापि या सुधारणेने एक नवी अडचण निर्माण केली. पन्नास राज्यांत मतदारांपुढे जावयाचे तर पुष्कळ पैसा हवा, आणि तो पहिले मत पडण्यापूर्वीच हवा. १९७४ च्या कायद्याने एका व्यक्तीच्या देणगीवर एक हजार डॉलरांची मर्यादा घातली. प्रत्येक देणगीच्या पहिल्या २५० डॉलरांइतकी रक्कम सरकारी तिजोरीतून देण्याची सोयही त्याने केली. मात्र हे साहाय्य घेणाऱ्या उमेदवारास एकूण खर्चाची आणि प्रत्येक राज्यातील खर्चाची कमाल मर्यादा पाळावी लागे. २००२ च्या कायद्याने देणगीची मर्यादा दोन हजारांवर नेली. परिणामी निवडणुकीच्या आदल्या वर्षी, मतदार अद्याप उदासीन असताना, दोन-दोन हजारांचे धनादेश गोळा करून देणाऱ्या मोजक्या धनिकांच्या मर्जीने उमेदवारांची पहिली चाळणी होऊ लागली. २००३ सालच्या हॉवर्ड डीन यांच्या मोहिमेचे महत्त्व कळण्यास ही पार्श्वभूमी ध्यानी घेणे अवश्य आहे.

डीन हे व्यवसायाने वैद्य. व्हरमाँट राज्याचे उपराज्यपाल असताना, ऑगस्ट १९९१ मध्ये राज्यपाल रिचर्ड स्नेलिंग यांच्या निधनामुळे ते राज्यपालपदी आले आणि २००३ च्या प्रारंभापर्यंत त्या पदावर राहिले. अवघी सहा लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या राज्याचा हा माजी राज्यपाल राष्ट्रीय राजकारणात जवळजवळ अपरिचित होता. परंतु ऑक्टोबर २००२ मध्ये इराकविरुद्ध बळाचा वापर करण्यास काँग्रेसने जी संमती दिली, तिच्या बाजूने जॉन केरी, जॉन एडवर्ड्स, जोसेफ लीबरमन आणि रिचर्ड गेप्हार्ट या चारही प्रमुख प्रतिस्पर्ध्यांनी मत दिले होते. डीन यांनी त्या युद्धास उघड विरोध केला. फेब्रुवारी २००३ मध्ये पक्षाच्या राष्ट्रीय समितीपुढे बोलताना, पक्षाचे नेते अध्यक्ष बुश यांच्या मागे का फरफटत जात आहेत, असा सवाल त्यांनी टाकला. पक्षातील युद्धविरोधी लोकांस आपला वक्ता सापडला. प्रश्न एवढाच राहिला की, देशभर विखुरलेल्या या लोकांनी एकमेकांस शोधावे कसे?

याचे उत्तर मोहिमेच्या बर्लिंग्टन येथील कचेरीने दिले नाही, हे विशेष होय. २००२ साली न्यूयॉर्कमध्ये 'मीटअप' नावाची एक सेवा निघाली होती. समान आवडीच्या लोकांनी इंटरनेटवर नाव नोंदवावे आणि महिन्यातून एकदा आपल्या गावातील एखाद्या उपाहारगृहात प्रत्यक्ष भेटावे, एवढाच तिचा उद्देश. राजकारण तिच्या योजकांच्या मुख्य कल्पनेत नव्हते. २००३ च्या आरंभी डीन यांच्या नावाने नोंदलेल्यांची संख्या काही शेकड्यांत होती. वर्षाअखेरीस ती दीड लाखाच्या आसपास पोहोचली. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी शेकडो गावांत अनोळखी माणसे जमू लागली. मोहिमेचे व्यवस्थापक जो ट्रिपी यांनी या आपोआप वाढणाऱ्या संघटनेस आज्ञा देण्यापेक्षा काम देण्याचे धोरण ठेवले. जुलैच्या बैठकांत जमलेल्यांनी आयोवा राज्यातील मतदारांस स्वहस्ते हजारो पत्रे लिहिली. नव्या साधनाने एकत्र आलेल्या मंडळींनी हाती घेतलेले हे पहिले मोठे कार्य कागद आणि टपाल यांवर अवलंबून असावे, ही गोष्ट पुढील घटनांच्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे.

जून २००३ मध्ये 'मूव्हऑन' या संस्थेने इंटरनेटवर आपल्या सभासदांची एक अनौपचारिक प्राथमिक निवडणूक घेतली. तीत तीन लाखांहून अधिक मते पडली. डीन यांना सुमारे ४४ टक्के मते मिळाली. निम्म्याहून अधिक मते कोणासच न मिळाल्याने संस्थेने कोणास पाठिंबा दिला नाही. तरी त्या आठवड्यात देणग्यांचा ओघ सुरू झाला. ३० जून हा हिशेबाच्या तिमाहीचा अखेरचा दिवस. त्या एका दिवसात इंटरनेटवरून आठ लाख डॉलरांहून अधिक रक्कम आली. तिमाहीची एकूण जमा सुमारे ७६ लाख डॉलर झाली आणि डेमोक्रॅटिक उमेदवारांत डीन पहिले ठरले. जुलैअखेर उपाध्यक्ष डिक चेनी यांच्यासाठी साउथ कॅरोलायनात ताटामागे दोन हजार डॉलर आकारून भोजन योजण्यात आले. त्याच वेळी डीन संगणकासमोर बसून साधे सँडविच खात असल्याचे दाखवून समर्थकांस आवाहन करण्यात आले. नऊ हजारांहून अधिक लोकांनी मिळून सुमारे पाच लाख डॉलर पाठविले. पुढील तिमाहीत १ कोटी ४८ लाख डॉलर जमले. एका तिमाहीत इतकी रक्कम त्या पक्षाच्या कोणाही उमेदवारास प्राथमिक निवडणुकांपूर्वी तोवर मिळाली नव्हती.

लहान देणग्यांवर उभी राहिलेली ही पहिलीच मोहीम नव्हे. १९७२ साली जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी टपालाने वर्गणी मागितली होती. १९९२ साली जेरी ब्राउन यांनी शंभर डॉलरांहून अधिक देणगी न घेण्याचा निर्बंध स्वतःवर घालून विनाशुल्क दूरध्वनीद्वारे निधी जमविला. २००० साली न्यू हॅम्पशायर जिंकल्यावर जॉन मॅकेन यांना इंटरनेटवरून थोड्याच दिवसांत दहा लाखांहून अधिक डॉलर मिळाले. डीन यांचे वेगळेपण असे की, मॅकेन यांना विजयानंतर जे लाभले, ते डीन यांना एकही मत पडण्यापूर्वी लाभले. शिवाय धनिक देणगीदार एकदा दोन हजार देऊन कायद्याने संपे. पन्नास डॉलर देणारा पुनःपुन्हा देऊ शकतो. १९७४ च्या कायद्याने घातलेली मर्यादाच अशा प्रकारे लहान देणगीदाराच्या पथ्यावर पडली.

परंतु याच यशातून एक गंभीर निर्णय उद्भवला. सरकारी साहाय्य स्वीकारल्यास प्राथमिक निवडणुकांच्या संपूर्ण काळात सुमारे साडेचार कोटी डॉलरांहून अधिक खर्च करता आला नसता. उलट, अध्यक्ष बुश यांनी ते साहाय्य नाकारले होते आणि त्यांच्याकडे याच्या कित्येक पट निधी जमणार हे दिसत होते. नोव्हेंबर २००३ मध्ये डीन यांनी हा प्रश्न समर्थकांपुढेच ठेवला. एक लाखाहून अधिक समर्थकांनी मत नोंदविले. त्यांपैकी सुमारे ८५ टक्क्यांनी साहाय्य नाकारण्याच्या बाजूने कौल दिला आणि ८ नोव्हेंबर रोजी तो निर्णय जाहीर झाला. हे साहाय्य नाकारणारे डीन हे आपल्या पक्षातील पहिले प्रमुख उमेदवार. सामान्य जनांच्या वर्गणीनेच आता धनिकांच्या वर्चस्वास शह बसेल, असे त्या निर्णयाचे समर्थन होते. त्यात तथ्य होतेच. पण निर्णयाचा पहिला लाभ मिळाला तो प्रतिस्पर्ध्यास. आठवडाही उलटला नाही तोच केरी यांनीही साहाय्य नाकारले आणि पुढे बोस्टनमधील आपल्या घरावर कर्ज काढून मोहिमेस सुमारे ६४ लाख डॉलर पुरविले. साहाय्य घेतले असते तर आयोवातील त्यांच्या खर्चावर जी राज्यनिहाय मर्यादा आली असती, ती आता उरली नाही. लोकवर्गणीच्या बळावर उघडलेल्या दारातून एका उमेदवाराचा खासगी पैसाही आत आला.

डिसेंबरात माजी उपाध्यक्ष अल गोर यांनी डीन यांना पाठिंबा दिला. दोन मोठ्या कामगार संघटनांनी तो नोव्हेंबरातच दिला होता. उमेदवारी निश्चित झाल्यासारखे वृत्तपत्रे लिहू लागली. अशा स्थितीत १९ जानेवारी २००४ रोजी आयोवातील कॉकस सभा भरल्या.

या सभांचे स्वरूप समजून घेतल्यावाचून पुढील पराभवाचा अर्थ लागत नाही. त्या काळी आयोवातील डेमोक्रॅटिक कॉकसमध्ये गुप्त मतदान नसे. हिवाळ्यातील एका सायंकाळी ठरल्या वेळी मतदाराने आपल्या प्रभागातील शाळेत, चर्चमध्ये किंवा एखाद्याच्या घरी यावे आणि आपल्या उमेदवाराच्या घोळक्यात सर्वांदेखत उभे राहावे, अशी रीत होती. ज्या घोळक्यात सामान्यतः उपस्थितांपैकी १५ टक्के लोक नसत, तो मोडे, आणि त्यातील लोकांस शेजारचे घोळके आपल्याकडे बोलावीत. अशा सुमारे दोन हजार प्रभागांत, एकमेकांस ओळखणाऱ्या माणसांच्या संभाषणातून निकाल लागे. येथे सहानुभूतीचे मोल नव्हते, उपस्थितीचे होते; आणि दूरच्या मित्राच्या पत्रापेक्षा बाजूस उभ्या असलेल्या शेजाऱ्याचा शब्द वजनदार ठरे.

डीन यांच्या मोहिमेने देशभरातून सुमारे साडेतीन हजार स्वयंसेवक आयोवात आणले. नारिंगी रंगाच्या लोकरी टोप्या घालून ते घरोघर फिरले. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण ते परके होते, आणि त्या टोप्यांमुळे ते परके आहेत हे दुरूनही ओळखू येई. त्यांना सभेत मत नव्हते. ज्यांना मत होते त्यांच्या मनात अन्य प्रश्न उभे राहिले होते. डिसेंबरात सद्दाम हुसेन पकडले गेले. त्यामुळे अमेरिका अधिक सुरक्षित झाली नाही, हे डीन यांचे विधान पुष्कळांस रुचले नाही. कॉकस पद्धतीवर हितसंबंधी गटांचे वर्चस्व असते, असे डीन यांनी काही वर्षांपूर्वी कॅनडातील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात म्हटले होते, तेही जानेवारीत प्रसिद्ध झाले. गेप्हार्ट आणि डीन यांनी परस्परांवर केलेल्या कडवट जाहिरातबाजीने दोघांचेही नुकसान केले. राज्य प्रतिनिधींच्या हिशेबाने केरी यांना ३८ टक्के, एडवर्ड्स यांना ३२ टक्के, डीन यांना १८ टक्के आणि गेप्हार्ट यांना ११ टक्के वाटा मिळाला.

त्या रात्री समर्थकांस धीर देताना डीन यांनी राज्यांची नावे उच्चारवाने घेत जो आरोळीवजा उद्गार काढला, तो दूरचित्रवाणीवर पुढे कित्येक दिवस दाखविला गेला. त्या आरोळीनेच डीन यांची मोहीम बुडाली, असा एक समज रूढ आहे. कालक्रमाच्या साध्या कसोटीवर तो टिकत नाही. आरोळी निकालानंतरची आहे. तिने पराभूताचे हसे केले, सावरण्याची संधी हिरावली, असे म्हणता येईल; पराभवाचे कारण तिला म्हणता येत नाही. २७ जानेवारीस न्यू हॅम्पशायरमध्ये डीन दुसरे आले, लगेच ट्रिपी मोहिमेतून बाहेर पडले, आणि १७ फेब्रुवारीस विस्कॉन्सिनमध्ये तिसरा क्रमांक आल्यावर दुसऱ्या दिवशी डीन यांनी प्रचार थांबविला. त्यानंतर २ मार्च रोजी स्वतःच्या व्हरमाँट राज्यात मात्र ते विजयी झाले. जेथे मतदार उमेदवारास जवळून ओळखत होते, तेथे माघार घेतलेल्या डीन यांनाही बहुमत लाभले, ही गोष्ट बोलकी आहे.

मग ही सारी चळवळ म्हणजे केवळ बुडबुडा होता काय? तसे म्हणणे दुसऱ्या टोकास जाणे होय. जमलेले सुमारे पाच कोटी डॉलर खरे होते. बुधवारच्या बैठकांत जमलेली माणसेही खरी होती. येथे दोन भिन्न समाज एकमेकांसमोर आले होते. एक, मतैक्याने जुळलेला, अंतर न मानणारा. दुसरा, वास्तव्याने जुळलेला, मतभेदांसह एकत्र नांदणारा. पहिल्याचे चलन वर्गणी होते, दुसऱ्याचे मत. एका चलनाचे दुसऱ्यात रूपांतर आपोआप होईल, हा मोहिमेचा समज चुकीचा ठरला. जुलैतील पत्रे लिहिणाऱ्यांस ही दरी अंशतः जाणवली असावी. पण पत्राने ती बुजण्याजोगी नव्हती.

हा धडा पुढील पिढीने गिरविला. डीन यांच्या मोहिमेत काम केलेल्या चौघांनी २००४ साली काढलेल्या 'ब्लू स्टेट डिजिटल' या संस्थेने पुढे बराक ओबामा यांच्या मोहिमेची इंटरनेटवरील यंत्रणा उभारली. ओबामा यांनी मात्र त्या यंत्रणेच्या जोडीला आयोवातच दीर्घकाळ राहून स्थानिक कार्यकर्ते घडविण्यावर भर दिला आणि ३ जानेवारी २००८ रोजी तेथील कॉकस जिंकले. स्वतः डीन फेब्रुवारी २००५ मध्ये पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे अध्यक्ष झाले व २००९ पर्यंत त्या पदावर राहिले. पन्नासही राज्यांत पगारी कार्यकर्ते नेमण्याचे त्यांनी तेथे अवलंबिलेले धोरण म्हणजे आयोवातील पराभवावरचे त्यांचे उत्तरच होय, असे म्हणण्यास जागा आहे.

दुसरा वारसा तितका सुखद नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये एक लाखाहून अधिक समर्थकांनी जो कौल दिला, त्याच तर्काने जून २००८ मध्ये ओबामा यांनी अंतिम निवडणुकीसाठीचे सरकारी साहाय्यही नाकारले. २०१२ पासून दोन्ही प्रमुख पक्षांच्या एकाही उमेदवाराने ते घेतलेले नाही. १९७४ च्या कायद्याने घातलेली खर्चाची मर्यादा अशा रीतीने कायदा रद्द न होताच निरर्थक झाली. धनिकांच्या मर्जीतून उमेदवारास सोडविण्यासाठी सामान्य नागरिकांनी आपली वर्गणी दिली. आणि धनिकांसह सर्वांवर असलेला समान निर्बंध सैल होण्यास त्याच वर्गणीचा हातभार लागला. आयोवातील कॉकसचे पहिले स्थानही डेमोक्रॅटिक पक्षाने २०२४ च्या वेळापत्रकात काढून घेतले. डीन यांच्या पराभवास कारण झालेली शेजाऱ्यांची सभा मागे पडली. त्यांच्या वर्गणीदारांनी रुळविलेली रीत टिकून राहिली. उमेदवार निवडण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाला १९७२ च्या सुधारकांनी मतदार हे उत्तर दिले होते. २००३ च्या समर्थकांनी त्यात देणगीदार नागरिकाची भर घातली. मतदार आपल्या राज्यात एकदाच मत देतो. देणगीदार कोणत्याही राज्यातून कितीदाही देऊ शकतो. हे दोघे एकच नव्हेत, हे डीन यांच्या उमेदवारीच्या इतिहासाने दाखवून दिले आहे.