विमानाची तारीख

उर्दूत ‘तारीख’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक दिनांक आणि दुसरा इतिहास. मराठीने हा शब्द घेतला तो फक्त पहिल्या अर्थाने. कोर्टाची तारीख, परीक्षेची तारीख, लग्नाची तारीख. मी शाळेत दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे हा फरक दरवर्षी वर्गात सांगावा लागतो. पण हे दोन अर्थ एकाच शब्दात का नांदत असतील, याचा नीट विचार मी केला तो लढाऊ विमानांची मॉडेलं करायला लागल्यावर.

आमचं खंडाळा म्हणजे सातारा जिल्ह्यातलं, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचं. इथे विमानतळ नाही, छावणी नाही. चाळिशी ओलांडलेला मास्तर रात्री जेवण झाल्यावर चिमटा आणि पॉलिश पेपर घेऊन बसतो, याचं लोकांना हसू येतं. ‘सर, खेळणं करताय का?’ असं विचारतात. म्हणून आधी या ‘खेळण्या’ची थोडी हकीकत सांगतो.

प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून विमान करायचे संच पहिल्यांदा इंग्लंडमध्ये १९३६ साली ‘फ्रॉग’ या नावाने विकायला आले. त्यांचं प्रमाण होतं १:७२. म्हणजे खरं विमान मॉडेलच्या ७२ पट मोठं. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागे साधा हिशेब आहे. ६ फूट म्हणजे ७२ इंच, म्हणून ६ फुटी माणूस या प्रमाणात बरोबर १ इंचाचा होतो. दुसऱ्या महायुद्धात याच मापाची मॉडेलं सैनिकांच्या शिक्षणासाठी वापरली गेली. डोक्यावर दिसणारं विमान आपलं की शत्रूचं, हे क्षणात ओळखता यावं म्हणून. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने त्यासाठी शाळांकडून ५ लाख लाकडी मॉडेलं मागवली होती. शाळकरी मुलांनी ती वर्गात तासून, रंगवून दिली. युद्ध संपल्यावर १९५३ मध्ये ‘एअरफिक्स’ कंपनीने स्पिटफायर विमानाचा स्वस्त संच बाजारात आणला आणि हा छंद घरोघरी गेला. सांगायचा मुद्दा हा की या छंदाचा जन्मच ओळख पटवण्याच्या गरजेतून वाढला आहे. आपलं कोण आणि परकं कोण, हा त्याचा मूळ प्रश्न.

मी सध्या केलेलं मॉडेल हॉकर टेम्पेस्ट २ या विमानाचं आहे. एका इंजिनाचं, एका वैमानिकाचं, पंख्याचं लढाऊ विमान. १८ सिलिंडरचं ब्रिस्टल सेंटॉरस इंजिन आणि पंखांत २० मिलिमीटरच्या चार तोफा. खऱ्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत साडेबारा मीटर, माझ्या मॉडेलचे साडेसतरा सेंटिमीटरच्या आत. स्वातंत्र्याच्या आगेमागे आपल्या हवाई दलाचं हे मुख्य लढाऊ विमान होतं.

जोडकाम फार सांगत नाही. भाग चौकटीतून कापायचे, कडा घासायच्या, आतली बैठक आधी रंगवायची, मग धडाचे दोन अर्धे चिकटवायचे. हा गोंद म्हणजे फेविकॉल नव्हे. तो प्लॅस्टिक किंचित वितळवून एकजीव करतो. सांध्याची रेघ पुटीने भरून घासून सपाट करायची. बीएडला असताना आम्ही थर्माकोलचे किल्ले आणि ज्वालामुखी करायचो, त्याच जातीचं काम, फक्त सबुरी दहापट. वर प्रायमर, मग वरच्या बाजूला हिरवा आणि गडद राखाडी, पोटाला फिका राखाडी. इथपर्यंत सगळं सरळ चालतं.

आणि मग पंखावर गोल चिन्ह लावायची वेळ येते. इथे हात थांबतो.

हे चिन्ह कागदावर छापलेलं येतं. पाण्यात भिजवायचं, सरकवून पंखावर बसवायचं, फडक्याने पाणी टिपायचं. दोन मिनिटांचं काम. पण कुठलं चिन्ह? आपलं हवाई दल ८ ऑक्टोबर १९३२ रोजी कायद्याने स्थापन झालं आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड इथे त्याचं पहिलं स्क्वाड्रन उभं राहिलं. चार वापिती विमानं, मूठभर तरुण अधिकारी आणि १९ ‘हवाई सिपाही’. तेव्हा विमानावर ब्रिटिशांचंच लाल-पांढरं-निळं वर्तुळ होतं. जपानशी युद्ध पेटल्यावर मधला लाल ठिपका धोक्याचा ठरला, कारण जपानी विमानांवर लाल सूर्य असे. आपल्याच लोकांनी गोळ्या घालू नयेत म्हणून लाल काढून टाकला आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर गडद निळ्यात फिका निळा असं चिन्ह आलं. युद्ध संपल्यावर लाल परत आला. स्वातंत्र्यानंतर काही काळ अशोकचक्र होतं. १९५० पासून केशरी-पांढरं-हिरवं, बाहेर केशरी आणि मध्ये हिरवा.

म्हणजे सतरा-अठरा वर्षांत चार-पाच ओळखी. जुने फोटो पाहून ठरवू म्हटलं तर ते काळे-पांढरे. त्यात केशरी आणि हिरवा दोन्ही राखाडीच दिसतात. म्हणून मॉडेल करणाऱ्याला ‘टेम्पेस्ट’ करता येत नाही. त्याला अमुक दिवसाचं टेम्पेस्ट करावं लागतं. आधी तारीख ठरवायची, मग रंग. दिनांकाशिवाय इतिहास नाही, हे माझ्या उर्दू शब्दाने मला केव्हाच सांगितलं होतं.

आता १४ ऑगस्ट १९४७ ची तारीख घ्या. त्या दिवसापर्यंत हवाई दल एक होतं. फाळणीत टेबल-खुर्च्यांपासून विमानांपर्यंत सगळ्याची वाटणी झाली. बहुतेक स्क्वाड्रन भारताकडे राहिली, ६ आणि ९ नंबरची पाकिस्तानकडे गेली. टेम्पेस्ट दोघांनाही मिळाली. एकाच कारखान्यात बनलेली, एकाच रंगाची, एकाच धावपट्टीवरची विमानं. एकावर पुढे चक्र आलं, दुसऱ्यावर हिरवं-पांढरं वर्तुळ. काश्मीरच्या लढाईत, नोव्हेंबर १९४८ मध्ये, भारताच्या दोन टेम्पेस्टनी पाकिस्तानचं एक डाकोटा मालवाहू विमान आकाशात गाठून त्यावर गोळीबार केला. ते निसटून परत गेलं. सव्वा वर्षापूर्वी हे सगळे एकाच दलाचे वैमानिक होते.

याच दलात हैदराबादचा एक तरुण होता, इद्रिस हसन लतीफ. जन्म १९२३. वयाच्या अठराव्या वर्षी, जानेवारी १९४२ मध्ये तो अधिकारी झाला. सुरुवातीला कराचीहून जुनाट दुपंखी विमानांतून अरबी समुद्रावर पाणबुड्या शोधत फिरला. मग इंग्लंडला जाऊन हरिकेन आणि स्पिटफायर शिकला आणि परतून ब्रह्मदेशच्या आघाडीवर हरिकेन उडवलं. म्हणजे दोन निळ्या रंगांच्या चिन्हाखाली. असगर खान आणि नूर खान हे त्याच पिढीतले, त्याचे मित्र. दोघेही पुढे पाकिस्तानच्या हवाई दलाचे प्रमुख झाले. फाळणीच्या वेळी त्यांनी लतीफना तिकडे बोलावलं. लतीफ गेले नाहीत. धर्म आणि देश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही त्यांची भूमिका स्वच्छ होती. १९५० मध्ये भारत प्रजासत्ताक झाला तेव्हा दिल्लीवरून विमानांची सलामी झाली. त्या वेळी स्क्वाड्रन लीडर लतीफ ४ नंबरच्या स्क्वाड्रनचे प्रमुख होते आणि त्यांच्या हाताखाली विमानं होती टेम्पेस्ट.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत आहे. १९७८ ते १९८१ ते हवाई दलाचे प्रमुख होते, त्या पदावरचे पहिले मुस्लीम. जॅग्वार विमानं त्यांच्याच काळात आली. १९८२ ते १९८५ ते आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल होते, नंतर फ्रान्समध्ये राजदूत. २०१८ मध्ये हैदराबादला त्यांचं निधन झालं.

एक गोष्ट मला शिक्षक म्हणून नेहमी खटकते. फाळणी शिकवताना आपण कायम गेलेल्यांची गोष्ट सांगतो. गाड्या, काफिले, छावण्या, आकडे. गेल्याची तारीख असते. जो राहिला त्याची तारीख कुठे असते? राहणं ही घटना म्हणून कुणी नोंदवत नाही. लतीफ यांचंही चरित्र लिहिताना ‘त्यांनी भारतात राहायचं ठरवलं’ असं एक वाक्य येतं आणि गाडी पुढे जाते. जणू एका दिवशी ठरवलं आणि संपलं. प्रत्यक्षात त्यांनी हवाई दलात १९४७ नंतर ३४ वर्षं काढली. राहणं म्हणजे ती ३४ वर्षं. आपल्या लाखो घरांनीही ते असंच केलं, पद आणि पदकांशिवाय. शेतात, एसटीत, शाळेत, बाजारात.

मॉडेलच्या कामात मात्र राहण्याची नोंद करायची एक रीत आहे. तिला वेदरिंग म्हणतात. सोप्या मराठीत, नवं विमान वापरलेलं दिसेल असं करणं. माझे एक चाचा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. ते म्हणायचे, रंग आधी कडेला उडतो आणि हात लागतो तिथे उडतो. हे सूत्र विमानालाही लागू आहे. पंखाची पुढची कड धुळीने आणि दगडाच्या कणांनी झिजते. वैमानिक आणि मेकॅनिक जिथे पाय ठेवून चढतात तिथला रंग जातो. इंजिनाची झाकणं रोज उघडायची, म्हणून तिथले स्क्रू चकाकतात. आत अॅल्युमिनियम आहे, त्यामुळे तांबूस गंज दाखवायचा नाही. चंदेरी पेन्सिलीने बारीक ठिपके द्यायचे. तेही जपून, कारण मॉडेलवरचा एक मिलिमीटरचा ओरखडा खऱ्या विमानावर सात सेंटिमीटरचा होतो. पत्र्यांच्या सांध्यांत पातळ केलेला गडद तैलरंग सोडायचा आणि वरचा पुसून घ्यायचा. उन्हात रंग फिका पडतो, म्हणून वरच्या बाजूला मूळ रंगात थोडा पांढरा मिसळून पातळ हात द्यायचा.

धूर कसा दाखवायचा, हे मला खंबाटकी घाटाने शिकवलं. चढावर दम खाणारे ट्रक पाहा. सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी दाट काळी, मागे जाताना ती करडी होते आणि वाऱ्याच्या दिशेने लांबते. कोळसा आणि फळ्याचा खडू यांची भुकटी मऊ ब्रशने तशीच मागे ओढायची. तोफांच्या तोंडामागे पंखाखालीही तसाच पट्टा. शेवटी चमक मारणारं व्हार्निश.

हे प्रत्येक डाग कुणाच्या तरी कामाचे आहेत. पहाटे इंजिन गरम करणारा, तेल भरणारा, पंखावर गुडघे टेकून तोफा भरणारा. ज्यांना पहिल्या दिवशी ‘हवाई सिपाही’ म्हटलं गेलं, त्यांची नावं विमानावर लिहिलेली नसतात. झिजलेला रंग हीच त्यांची सही.

लंडनच्या आरएएफ म्युझियममध्ये एक टेम्पेस्ट २ आहे. ब्रिटिश नोंदीत तिचा नंबर पीआर ५३६. हे विमान भारताला दिलं गेलं, भारतीय नोंदीत त्याचा नंबर एचए ४५७ होता. आज जगात उरलेल्या टेम्पेस्ट २ पैकी बहुतेक भारतातूनच गेलेली आहेत. एक आपल्याकडे दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहे. लंडनचं विमान आज ब्रिटिशांच्या ५ नंबरच्या स्क्वाड्रनच्या रंगात उभं आहे. त्यात खोटं काही म्हणता येणार नाही, त्यांनी त्यांची तारीख निवडली. पण भारतातली वर्षं त्या रंगाखाली गेली. पाहणाऱ्याला ती दिसत नाहीत.

म्हणून माझ्या मॉडेलवर मी एचए ४५७ हा नंबर लिहिला. चिन्ह लावलं १९५० चं, केशरी-पांढरं-हिरवं. आणि रंग नवाकोरा ठेवला नाही. शाळेच्या इतिहास कपाटात ते ठेवलंय. मुलं पहिला प्रश्न हाच विचारतात, ‘सर, हे एवढं मळकं का?’ मग मी खडू उचलून फळ्यावर ‘तारीख’ हा शब्द लिहितो आणि त्यांना दोन्ही अर्थ सांगतो.