हद्दीबाहेरचं मत

हद्दवाढीवर लिही, असं घरच्यांचं बरेच दिवस चाललंय. (घरचे म्हणजे निम्मे पेठेतले, निम्मे पाचगावचे. काहीही लिहिलं तरी एका बाजूचं जेवण तुटणार!) तर मंडळी, लिहितोच.

कोल्हापूरची नगरपालिका १८५४ सालची. १५ डिसेंबर १९७२ ला तिची महापालिका झाली. क्षेत्रफळ ६६.८२ चौरस किलोमीटर. पुढे पन्नास वर्षं उलटली तरी आकडा तोच, ६६.८२. पुण्याने तेवढ्यात २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं पोटात घेतली.

गाव वाढायचं थांबलं का? छे! २०११ च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत साडेपाच लाख माणसं होती. उत्तरेला आणि पश्चिमेला पंचगंगा. ती काय करते ते २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये सगळ्यांनी बघितलंय. मग उरली दक्षिण आणि पूर्व. पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, उजळाईवाडी... शेतं गुंठ्यागुंठ्याने विकली गेली आणि त्यावर घरं उठली. रस्ता दहा फुटी, गटार नाही, बांधकामाचा परवाना देवाला ठाऊक. अशी घरं राज्यात इतकी झाली की सरकारला २००१ साली गुंठेवारीचा कायदा करावा लागला. २०२१ साली त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. थोडक्यात, घरं व्हायची ती झालीच, फक्त नकाशा मागून आला.

पूर्वी नकाशा आधी यायचा. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली. नंतरची राजारामपुरी तर गल्ल्यांच्या नंबरावरूनच ओळखली जाते, पत्ता शोधताना माणूस चुकत नाही. आणि वळिवडे! दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. बहुतेक बायका आणि मुलं. ती माणसं गेल्यावर फाळणीत सगळं सोडून आलेली सिंधी कुटुंबं तिथे आली. आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो ते गांधीनगर त्यातूनच उभं राहिलं. मात्र हे सगळं हुकमाने झालं. ज्याची जमीन गेली त्याला कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. 'संस्थानी राज्य बरं होतं' म्हणणाऱ्या काकांनी एवढं लक्षात ठेवावं.

१९४९ साली संस्थान विलीन झालं आणि विचारणं आलं. फक्त मतपेट्या दोन झाल्या. हद्दीच्या आतला नगरसेवक निवडतो, बाहेरचा ग्रामपंचायत. आता शिवाजी पेठेत दोन खोल्यांत राहणारं एखादं जोडपं घ्या. पेठेत फ्लॅट परवडत नाही, म्हणून ते पाचगावात गुंठा घेतं. त्यांचं मत पाचगावात गेलं की नगरसेवकाला त्यांची फिकीर नाही. आणि गंमत म्हणजे दोन वर्षांत हेच जोडपं हद्दवाढीच्या विरोधात उभं राहतं. घरफाळा वाढेल ना! अमेरिकेतल्या विल्यम फिशेल नावाच्या अर्थतज्ज्ञाने २००१ साली यावर अख्खं पुस्तक लिहिलं. घरमालक आपल्या घराची किंमत जपण्यासाठी स्थानिक निवडणुकीत मत देतो, असं त्याचं म्हणणं. ज्याला अजून घर मिळालेलं नाही, त्याचं नाव त्या गावच्या यादीत नसतंच.

गावकऱ्यांचंही चुकतं असं नाही. "आधी शहराला नीट पाणी द्या, मग आमच्याकडे या" याला उत्तर काय द्यायचं? काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचं पाणी यायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला. त्यात शेतावर आरक्षण पडण्याची भीती. २०१६ साली हद्दवाढ हवी म्हणून शहर रस्त्यावर उतरलं, नको म्हणून गावं उतरली. सरकारने २०१७ साली तिसरंच काढलं, ४२ गावांचं प्राधिकरण. हद्द जिथल्या तिथे, वर आणखी एक कार्यालय. त्याला तर मतपेटीच नाही.

नंतर महापालिकेलाही राहिली नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि १५ जानेवारी २०२६ ला मतदान होईपर्यंत प्रशासकाचा कारभार. ८१ जागा आणि गल्लोगल्ली प्रचार. प्रचाराला आलेल्याला 'हद्दवाढ हवी का' असं विचारण्यात अर्थ नाही, शहरात सगळेच हो म्हणतात. विचारायचं ते असं: महापालिकेच्या कुठल्या जागेवर दोन खोल्यांची घरं बांधणार? पाण्याची लाइन कुठून येणार? पेठेतल्या जुन्या वाड्यावर मजले चढले तर भाडेकरूचं काय? आमच्या गल्लीत हे विचारल्यावर एक कार्यकर्ता म्हणाला, "साहेबांना सांगतो." असो.

खरी कसरत आमदारकीला. कोल्हापूर दक्षिण मतदारसंघात शहराचा भाग आहे आणि लगतची गावंही. एकाच उमेदवाराला सकाळी राजारामपुरीत मत मागायचं आणि संध्याकाळी पाचगावात. म्हणून त्याचं वाक्य दोन्हीकडे चालेल असंच असतं: "सर्वांना विश्वासात घेऊन निर्णय करू."