पहिल्या ओवीतला ओंकार



आमच्या गोंदिया जिल्ह्यात आषाढी म्हणजे रोवण्याचे दिवस. बांध्यांत चिखल झालेला, पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधावर पडलेल्या. ज्याच्या घरी दोन एकर धान आहे तो पंढरीला निघेल कसा? म्हणून इकडच्या माणसाची भजनाची हौस फिटते ती कार्तिकात. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे काकड्याची फेरी निघते. धुके एवढे असते की पुढच्या टाळकऱ्याची पाठ दिसत नाही, नुसता टाळ ऐकू येतो आणि त्या आवाजामागे पाय चालत राहतात.

अशाच एका फेरीनंतर शेकोटीजवळ कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने मला विचारले, "आजोबा, दारावर ॐ आहे, मोटारसायकलीवर ॐ आहे, लग्नपत्रिकेवर ॐ आहे. मग आपल्या भजनात सारखे रामकृष्णहरीच का? ॐ का नाही?"

प्रश्न भाबडा नव्हता. त्याचे उत्तर पोथीतून देता आले असते, पण मला आई आठवली. ते शेवटी सांगतो. आधी पोथीतले.

ओंकाराचा विचार सर्वांत नेटका कुठे केला असेल तर मांडूक्य उपनिषदात. अवघे बारा मंत्र. अकार म्हणजे जागृती, उकार म्हणजे स्वप्न, मकार म्हणजे गाढ झोप. आणि या तिन्हींच्या पलीकडे चौथे, ज्याला मात्रा नाही. ॐ म्हटल्यावर ओठ मिटतात आणि त्यानंतर जी शांतता राहते ती या चौथ्याची खूण, असे आमचे गुरुजी शिकवीत. अलीकडे काही वक्ते ओंकाराच्या कंपनांचे आकडे सांगतात, विश्वाचा नाद यंत्रात पकडला म्हणतात. ऐकणारे माना डोलावतात. मला त्यात ना विज्ञान दिसते ना वेदान्त. उपनिषदाने आकडा सांगितला नाही, अवस्था सांगितल्या. त्या रोजच्या आहेत आणि प्रत्येकाच्या आहेत.

आता प्रत्येकाच्या म्हटले खरे, पण इतिहास तसा नाही. वैदिक मंत्राला ऋषी लागतो, छंद लागतो, देवता लागते, विनियोग लागतो आणि सर्वांत आधी अधिकार लागतो. प्रणव उच्चारण्याचा अधिकार स्त्रियांना नाही, शूद्रांना नाही, असे शास्त्री सांगत आले. अवस्था सगळ्यांच्या, अक्षर मात्र थोड्यांचे.

शके 1212 मध्ये नेवाशाला ज्ञानोबांनी गीतेवर बोलायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी पहिल्या ओवीचा पहिला शब्दच ओंकार ठेवला, आणि तोही मराठीत, समोर बसलेल्या सगळ्यांसाठी. पुढे त्या ओंकारालाच त्यांनी गणपतीचे रूप दिले: अकार हे पाय, उकार हे मोठे पोट, मकार हा मस्तकाचा आकार. वेद ही त्या गणेशाची मूर्ती, सहा दर्शने हे त्याचे सहा हात. म्हणजे जे अक्षर कानात हळूच सांगायचे, ते माऊलींनी हातापायांसह चौकात आणून बसवले. हे रूपक म्हणून गोड आहेच. पण कीर्तनात आपण ते गोड म्हणूनच सांगतो आणि त्यातला धीटपणा सांगायचा राहून जातो.

हा अर्थ मी ओढूनताणून काढत नाही. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस माऊली वेदालाच कृपण म्हणतात. संपन्न खरा, पण तीन वर्णांच्याच कानी लागला, आणि स्त्री-शूद्रादी बाहेर राहिले. ती उणीव भरून काढायला वेद गीतेच्या रूपाने पुन्हा आला, असे त्यांचे म्हणणे. सतराव्या अध्यायात ॐ तत् सत् या नामाचा विस्तार आहे, तोही याच श्रोत्यांपुढे.

नामदेवांनी कीर्तन पंजाबापर्यंत नेले. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे आहेत आणि त्या ग्रंथाचा आरंभ 'इक ओंकार'ने होतो. ते अक्षर तिकडेही लोकभाषेत उतरले होते.

मग आपल्या भजनात रामकृष्णहरी कुठून आले? तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात दिलेला हा मंत्र. माघ शुद्ध दशमी, गुरुवार. तो दिवस आपण आजही पाळतो. या मंत्राची घडण पाहा. आरंभी प्रणव नाही, मध्ये बीजाक्षर नाही, शेवटी नमः किंवा स्वाहा नाही. तीन नावे एकामागे एक ठेवली आहेत, बस्स. त्याला सोवळे नाही, वेळ नाही, आसन नाही. गुडघाभर चिखलात वाकून रोवणा करणाऱ्या बाईला तो म्हणता येतो आणि तिचा हात थांबत नाही. ओंकार ज्यांच्यापासून दूर ठेवला होता त्यांच्यासाठी तोच नाद दुसऱ्या दाराने आला, असे मला वाटते. त्या मुलाला मी एवढेच सांगितले.

पण नाद आत गेला म्हणजे माणूस आत गेला असे नव्हे. चोखोबा 1338 साली मंगळवेढ्याला गेले. त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर, बाहेर. त्यांचे अभंग आत गायले जात आणि त्यांची माणसे पायरीखाली उभी राहत. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केले तेव्हा ते दार उघडले. मधली सहाशे वर्षे टाळ, मृदंग, वीणा सगळे वाजतच होते. आपल्या संप्रदायाच्या समतेवर मी शेकडो कीर्तने केली. हा हिशेब त्यांत फार कमी वेळा मांडला, हेही लिहून ठेवतो.

टाळ-वीणा म्हटले म्हणून थोडे विषयांतर. टाळ काशाचा, जोडीचा; एकट्याने वाजत नाही. मृदंगाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात, तेव्हा तिला तो खोल घुमारा येतो. भजन संपले की ती काढून टाकायची, पुढच्या वेळी नवी. वीणा मात्र निराळी. सप्ताहात ती सात दिवस खाली ठेवत नाहीत. पहाऱ्यागणिक एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. तिच्यावर राग वाजवायचा नसतो, एकच सूर धरून राहायचे असते. पहाटे तीनच्या पहाऱ्याला मंडपात कुत्रेही जागे नसते, तेव्हा एखादा शेतकरी डुलकी सावरत तारेवर बोट फिरवत उभा असतो. ओंकाराचा अर्थ त्याला कोणी सांगितलेला नसतो आणि तोच सूर तो धरून असतो. हल्ली सप्ताहात भोंगे इतके मोठे लावतात की वीणेकऱ्याला स्वतःची तार ऐकू येत नाही. त्याविषयी मी मंडळांशी भांडून पाहिले. लोक ऐकून घेतात, चहा पाजतात आणि भोंगा तसाच ठेवतात.

आता आईचे. आळंदीहून शिकून आलो होतो, विशीतला, अंगात नवी विद्या. आई निरक्षर. देवळाच्या भिंतीवर कोणीतरी गेरूने ॐ काढला होता, तो दाखवून तिने विचारले, हे का म्हणतेत? मी सांगितले आणि वर म्हणालो, "बायकांनी म्हणू नये."

ती थोडी थांबली. म्हणाली, "मंग आमाले का हाय रे बाबू?"

मी म्हटले, तुम्हाला रामकृष्णहरी आहे. ती मान हलवून पाण्याला गेली.

त्यावेळी मला वाटले, उत्तर बरोबर दिले. ती जाऊन पुष्कळ वर्षे झाल्यावर एका पारायणात व्यासपीठावर बसलो होतो. पहिल्या अध्यायाला सुरुवात झाली आणि समोरच्या बायकांनी एका आवाजात पहिली ओवी उचलली. तेव्हा एकदम लक्षात आले: आई दरवर्षी पारायणाला बसायची. पोथी वाचता येत नव्हती, पण पहिल्या ओव्या तिला पाठ होत्या. मी मनाई केली त्याच्या कितीतरी आधीपासून ती ॐ म्हणत होती. माऊलींनी तिच्या तोंडात घातलेले अक्षर काढून घ्यायला मी निघालो होतो. तिला ते ठाऊक नव्हते. ठाऊक मला असायला हवे होते, चार वर्षे तीच पोथी घोकली होती.

सहा वर्षांपूर्वी माझा गळा गेला. डॉक्टरांनी कीर्तन बंद करायला सांगितले. परा नाभीत, पश्यंती हृदयात, मध्यमा कंठात, वैखरी मुखात, हे आयुष्यभर बोटाने दाखवत आलो. आता वैखरी उरली नाही. अमृतानुभवात माऊली म्हणतात, या चारही वाचा जीवाला जागे करतात खऱ्या, पण अविद्येबरोबर त्याही मावळतात. पूर्वी हा भाग मी घाईने उरकायचो, श्रोते कंटाळतात म्हणून. आता रोज थोडा वाचतो. कळला असे म्हणवत नाही.

काकड्याला मात्र जातो. गाता येत नाही, टाळ धरतो. त्या पहाटे तो मुलगा माझ्या शेजारी उभा होता, त्याचा टाळ जरा मागे पडत होता. मी कोपराने खूण केली. पुढच्या आवर्तनाला तो बरोबर आला.