मालिकालेखन आणि प्रसारणाची रीत

मालिकेचे रूप लेखकाच्या प्रतिभेइतकेच प्रसारणाच्या वेळापत्रकानेही घडविले आहे, हे अमेरिकेतील दूरचित्रवाणीच्या इतिहासावरून दिसून येते. तेथील मोठ्या वाहिन्यांचा हंगाम सप्टेंबर ते मे असा चाले आणि त्यात एका मालिकेचे सुमारे २२ भाग होत. आधी एक नमुना-भाग काढावयाचा, तो पसंत पडल्यास पुढील भागांची मागणी यावयाची. पहिले भाग प्रसारित होत असतानाच पुढचे लिहिले जात. त्यामुळे एखादे दुय्यम पात्र लोकांना आवडल्यास त्याला अधिक वाव देता येई. भागांतील अंक जाहिरातींच्या विश्रांतीवर बेतलेले असत.

नेटफ्लिक्सने २००७ मध्ये स्ट्रीमिंग सुरू केले, तेव्हा ती इतरांच्या कृती दाखविणारी कंपनी होती. २०११ मध्ये तिने ‘हाऊस ऑफ कार्ड्स’चे २६ भाग नमुना-भाग न पाहताच मागविले, आणि १ फेब्रुवारी २०१३ रोजी त्यांतील पहिले १३ एकदमच प्रेक्षकांच्या हाती दिले. आता प्रत्येक भागाच्या आरंभी पूर्वकथासार देण्याची गरज उरली नाही. भागाची लांबीही घड्याळाशी बांधलेली राहिली नाही. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर, वाक्य तेच राहून विरामांच्या जागा बदलल्या.

खरा पालट झाला तो लेखकांच्या व्यवसायात. पर्वाचे भाग अनेकदा आठ-दहावर आले. ते चित्रणापूर्वीच लिहून होऊ लागल्याने थोडक्या लेखकांना काही आठवड्यांपुरते नेमण्याची प्रथा पडली, आणि चित्रण सुरू होईतो त्यांतील बहुतेकांचे काम संपलेले असे. जुन्या रीतीत नवशिका लेखक चित्रणस्थळी उभा राहून आपले संवाद नटांच्या तोंडी कसे बसतात ते पाही, आणि अशा उमेदवारीतूनच पुढे निर्माता होई. ही परंपरा खंडित व्हावी, ही नव्या पद्धतीने केलेली सर्वांत गंभीर हानी होय. मानधनाचा प्रश्न त्यापुढे दुय्यमच म्हटला पाहिजे. अर्थात ज्याची उपजीविका त्यावर चालते, त्याला तो तसा वाटणार नाही.

२ मे २०२३ रोजी लेखकसंघाने पुकारलेला संप १४८ दिवस चालला. त्यानंतरच्या करारानुसार, एकच लेखक सर्व भाग लिहीत नसल्यास, मंजूर झालेल्या ७ ते १२ भागांच्या मालिकेस किमान पाच लेखक नेमणे आवश्यक ठरले. काहींना चित्रणकाळातही कामावर ठेवण्याची तरतूद झाली.

दरम्यान नोव्हेंबर २०२२ मध्ये नेटफ्लिक्सनेच जाहिरातींसह स्वस्त वर्गणी सुरू केली होती. विश्रांतीचा विचार न करता लिहिलेल्या दृश्यांत मग जाहिरातींसाठी जागा शोधणे आले.