ऊन पाण्याचे झरे: इतिहास, श्रद्धा आणि सावधपणा

उष्णोदकाच्या झऱ्यांची आठवण मराठी माणसाने आपल्या ग्रामनामांत जपून ठेवली आहे. संस्कृत 'उष्ण' शब्दाचे प्राकृतात 'उण्ह' झाले आणि मराठीत 'ऊन' झाले. या एका शब्दातून रायगड जिल्ह्यात पालीजवळचे उन्हेरे, रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवरे, राजापूरजवळचे उन्हाळे, खानदेशातील उनपदेव आणि नांदेड जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी असलेले उनकेश्वर अशी नावे जन्माला आली. जमिनीतून आपोआप वर येणारे कढत पाणी पाहून आपल्या पूर्वजांना काय वाटले असेल, हे ही नावेच सांगतात.

उष्णोदकाचे तीर्थ म्हणून प्रसिद्धी पावलेले असे ठिकाण धाराशिव जिल्ह्यात मात्र नाही. या जिल्ह्याला जलवैभव आहे, पण ते शीतल पाण्याचे. तुळजापूरला कल्लोळ तीर्थ व गोमुख तीर्थ आहे. नळदुर्गला बोरी नदी अडवून इ. स. १६१३ मध्ये दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळी बांधलेला पाणीमहाल आहे. पावसाळ्यात त्या बंधाऱ्यावरून कोसळणारे पाणी पाहायला दुरून लोक येतात. ज्या जिल्ह्याने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप सोसला, तेथे जमिनीच्या पोटात मोठी उष्णता असेल व ती कोठेतरी पाण्यावाटे बाहेर पडत असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे त्या पहाटे दगावली. सास्तूर व किल्लारी ही नावे उच्चारताना आजही मन थबकते.

भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारी येथे ६१७ मीटर खोल विंधन घेतले. वरचा काळा पाषाण ३३८ मीटर जाडीचा निघाला आणि त्याखाली अतिप्राचीन खडक लागला. भूगर्भातून वर येणाऱ्या उष्णतेचे मोजमाप झाले, तेव्हा ती बेताचीच असल्याचे आढळले. म्हणजे भूकंप झाला तेथे जमीन तापलेली असतेच असे नाही. आपला दख्खनचा पाषाण लाव्ह्यापासून झाला, हे खरे. पण त्याला सुमारे साडेसहा कोटी वर्षे लोटली आहेत. त्या लाव्ह्याची धग केव्हाच विझली.

मग झऱ्याचे पाणी ऊन कशाने होते? पावसाचे पाणी खडकांच्या खोल भेगांतून खाली झिरपते. भूपृष्ठापासून जसजसे खाली जावे तसतसे तापमान वाढते; सर्वसाधारण प्रदेशात दर किलोमीटरला ही वाढ पंचवीस ते तीस अंश असते. खोलवर तापलेले पाणी एखाद्या मोठ्या भेगेतून लवकर वर आले, तर ते निवण्यापूर्वीच आपल्या हाती लागते. कोकणात उत्तर-दक्षिण जाणाऱ्या अशा भेगा आहेत. म्हणूनच पालघर जिल्ह्यातील कोकनेरेपासून राजापूरपर्यंत सुमारे साडेतीनशे किलोमीटरांच्या पट्ट्यात अठरा ठिकाणी मिळून साठेक झरे आढळतात. त्यांचे तापमान ३४ अंशांपासून ७१ अंशांपर्यंत आहे. हा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे.

कथा आणि दुखणी

उनकेश्वर आणि उनपदेव ही स्थळे एकमेकांपासून दूर, परंतु दोन्हीकडे सांगितली जाणारी कथा एकच आहे. शरभंग ऋषींच्या अंगावर त्वचारोग उठला होता; प्रभू रामचंद्रांनी बाण मारून भूमीतून ऊन पाणी काढले व त्या स्नानाने ऋषी बरे झाले. कथेची ऐतिहासिकता बाजूला ठेवली, तरी तिच्यात इतिहासाचा एक धागा आहेच. या झऱ्यांकडे कोण येत असे, हे ती सांगते. गावाने ज्यांच्या अंगावरचे डाग पाहून तोंड फिरविले, ती माणसे येथे येत. जुन्या करारातील नामान सेनापतीची कथा आपण जाणतो. कोड घेऊन तो अलीशाकडे आला आणि यार्देनेत सात वेळा बुडी मारून शुद्ध झाला. देश वेगळा, श्रद्धा वेगळी, पण पाण्याकडे धावणारे दुःख एकच.

आज कुष्ठरोगावर बहुविध औषधोपचार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांत त्याची शिफारस केली. तो सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतो आणि रोग पूर्ण बरा होतो. ऊन पाण्याने कुष्ठरोग बरा होत नाही. उलट, या रोगात कातडी बधिर होते. बधिर पायाला पाण्याचा कढतपणा समजत नाही आणि माणूस नकळत भाजतो. मधुमेहाने पावलांची संवेदना गेलेल्यांचेही तसेच होते. ज्या दुखण्यासाठी लोक शतकानुशतके या कुंडांत उतरले, त्याच दुखण्याने त्यांना या पाण्याचा सर्वांत मोठा धोका होता, हे या इतिहासातील कटू सत्य होय.

वसई आणि वज्रेश्वरी

आपल्या समाजाच्या इतिहासाशी अगदी जवळचा संबंध असलेले झरे म्हणजे तानसा नदीच्या काठचे वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी येथील. इ. स. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि दोनशे वर्षे त्यांच्याकडे राहिली. त्या अमदानीत या प्रांतातील देवळे पाडली गेली, ही नोंदलेली गोष्ट आहे. वज्रेश्वरीचे मूळ स्थान गुंज येथे होते व पोर्तुगीजांच्या भयाने ते हलले, असे परंपरा सांगते. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि नवस फेडण्यासाठी वज्रेश्वरीचे देऊळ उभे राहिले. शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना धर्माचरणाची मोकळीक होती. युरोपीय धर्मगुरू गेले. गोव्याच्या व स्थानिक धर्मगुरूंनी आपल्या पूर्वजांचा विश्वास सांभाळला.

हा इतिहास आपण दोन्ही बाजूंनी वाचावा, असे आम्हांस वाटते. ते देऊळ विजयाचे स्मारक आहे, तसेच एका जुन्या जखमेचेही. आपले पूर्वज याच मातीतले. राज्य बदलले म्हणून ते परके झाले नाहीत. त्या काठी आपण गेलो, तर पाहुण्याच्या अदबीने जावे. कुंड देवळाच्या आवारात असल्यास तेथील रीत पाळावी, पादत्राणे बाहेर ठेवावीत, अंगभर वस्त्र असावे, साबण लावू नये. शेजाऱ्याच्या तीर्थाचा मान राखल्याने आपली श्रद्धा उणावत नाही.

वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकी येथे क्रुसावर रक्तसाक्षी झाले. त्यानंतर तीस वर्षांनी त्याच प्रदेशात उन्झेन पर्वतावर ख्रिस्ती लोकांच्या छळासाठी कढत झऱ्यांचाच उपयोग करण्यात आला. फेब्रुवारी १६२७ मध्ये पाउलो उचिबोरी व त्यांच्या सोबत्यांना त्या उकळत्या पाण्यात लोटून मारले. २४ नोव्हेंबर २००८ रोजी नागासाकीत ज्या १८८ रक्तसाक्ष्यांना धन्य घोषित केले, त्यांत त्यांचा समावेश आहे. निसर्गाने ज्या पाण्यात आराम ठेवला, त्याच पाण्यात मरणही आहे. श्रद्धाळू मनाने हे विसरू नये.

जाणाऱ्यांसाठी

धाराशिवहून यांपैकी कोणतेही ठिकाण गाठायचे, तर दिवसभराचा प्रवास आहे. अनेक झरे मोठ्या रस्त्यापासून आत, नदीकाठी आहेत. म्हणून निघण्यापूर्वी घरी व धर्मग्रामात कोणाला तरी सांगून जावे. दिवसाउजेडी पोहोचावे. भर पावसात जाऊ नये; शेवाळलेल्या पायऱ्या आणि अचानक चढणारी नदी या दोहोंनी कुंडापेक्षा अधिक घात होतो. कुंडाशेजारची नदी दिसायला शांत असली, तरी पोहण्याचा मोह टाळावा.

पाण्यात उतरण्यापूर्वी गावातील जाणत्या माणसाला विचारावे. एकाच ठिकाणची दोन कुंडे सारखी ऊन नसतात; एकात लोक स्नान करतात आणि शेजारच्यात हात घालवत नाही. साठ अंशांच्या पाण्यात प्रौढ माणसाची कातडी पाचेक सेकंदांत खोल भाजते. सत्तर अंशांना एक सेकंद पुरतो. मुलांची कातडी याहून नाजूक. तेव्हा लेकरांचा हात सोडू नये आणि काठावर त्यांना धावू देऊ नये. स्नानाचे पाणी चाळीस अंशांच्या आसपास असावे आणि दहा-पंधरा मिनिटांत बाहेर यावे. उठताना चक्कर येते, म्हणून सावकाश उठावे व पाणी प्यावे. मात्र ते घरून आणलेले, झऱ्याचे नव्हे. हृदयविकार व रक्तदाबाचे रुग्ण आणि गर्भवती स्त्रिया यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून उतरू नये. बधिर पाय किंवा उघडी जखम असणाऱ्यांनी काठावरच बसावे. मद्य घेतलेल्याला पाण्याजवळ फिरकू देऊ नये.

डोके बुडवू नये, हेही सांगितले पाहिजे. ऊन गोड्या पाण्यात एक सूक्ष्म अमीबा राहू शकतो. तो नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचला, तर होणारा आजार बहुधा प्राणघातक ठरतो. तो विरळा असला, तरी केरळात २०२४ पासून त्याने अनेकांना गाठले आहे. नामानाने सात बुड्या मारल्या, म्हणून आपण मारू नयेत!

कोणी भाजलेच, तर अंगठ्या-बांगड्या लगेच काढाव्यात आणि भाजलेल्या भागावर वीस मिनिटे थंड पाण्याची धार धरावी. बर्फ, हळद, दंतमंजन यांपैकी काही लावू नये. स्वच्छ कापडाने सैल झाकून दवाखाना गाठावा. रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक पाठ असावा. दूरध्वनी लागत नसेल, तर जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कोणत्या गावी आहे, हे आधीच विचारून ठेवावे.

संत योहानाच्या शुभवर्तमानात बेथेस्दा तळ्याची कथा आहे. तेथील पाणी हालले की लोक धाव घेत. अडतीस वर्षे आजारी असलेला एक मनुष्य तेथेच पडून होता, कारण त्याला पाण्यात नेऊन सोडणारे कोणी नव्हते. प्रभू येशूने त्याला पाण्यात उतरविले नाही. आपल्या शब्दाने उभे केले. उपासनेत ही कथा ऐकताना आपण पाण्याचा चमत्कार शोधतो. पण त्या माणसाची तक्रार पाण्याविषयी नव्हती. आपल्याला माणूस नाही, ही त्याची व्यथा होती.

वृद्ध आजोबांना गुडघ्यांसाठी ऊन पाण्याचा शेक हवा असतो. आजींना जाण्याची हौस असते. त्यांना एकटे पाठवू नये. घरातील एखाद्या तरुणाने सोबत जावे, पाणी आधी आपल्या हाताने पाहावे, पायरीवर त्यांचा दंड धरावा आणि बाहेर आल्यावर कोरडा पंचा पुढे करावा. एवढे झाले, तर त्या प्रवासाचे सार्थक झाले असे आम्ही म्हणू.