चित्राचें ओझें : घाटकोपरच्या शिळेपासून संगणकापर्यंत

आजच्या घाटकोपरांत आगगाडीची आणि मेट्रोची गर्दी आहे. उंच इमारतींनीं आकाश झांकलें आहे. परंतु १८९४ सालीं राजा रविवर्मा यांनीं आपला शिळाछापखाना याच गांवीं काढला होता, ही गोष्ट तेथील रहिवाशांपैकीं थोड्यांच्याच ध्यानांत असेल. तैलचित्र एकाच राजवाड्याच्या एकाच भिंतीवर राहतें. तें सामान्य गृहस्थाच्या देवघरांत पोंचवावयाचें तर त्यास हलकें आणि स्वस्त करणें प्राप्तच होतें.

हें हलकें करणें म्हणजे टाकून देणें. तैलचित्रांत रंगांच्या छटा अगणित असतात. शिळाछापांत मात्र प्रत्येक रंगास एक स्वतंत्र दगड लागतो. म्हणून कारागिराला आधीं ठरवावें लागे कीं, कोणती छटा ठेवावी, कोणती शेजारच्या छटेंत मिळवावी आणि कोणती बारीक ठिपक्यांनीं नुसती सुचवावी. शकुंतलेच्या गालावरची लाली जाऊन चालत नसे. मागच्या झाडींतील हिरव्याचे दहा भेद गेले तरी कोणाची तक्रार नसे. डोळा कोठें फसतो आणि कोठें फसत नाहीं, याचें ज्ञान हेंच या धंद्याचें खरें भांडवल होतें. पुढें छापखाना मळवलीस गेला. चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं दादासाहेब फाळके यांनींही त्यासाठीं काम केलें होतें.

तोच प्रश्न आज आंकड्यांच्या रूपानें घरोघर आला आहे. मोबाइलनें घेतलेल्या छायाचित्रांत सहज १ कोटी २० लक्ष बिंदू असतात. प्रत्येक बिंदूस तांबडा, हिरवा व निळा यांचे तीन आंकडे, म्हणजे तीन बाइट. एकूण ३ कोटी ६० लक्ष बाइट! उलट बँकांच्या भरती-परीक्षांच्या अर्जांत छायाचित्र २० ते ५० किलोबाइटांत बसवावें, अशी अट असते. मूळ ओझ्याच्या सुमारें सातशेंव्या हिश्शांत उमेदवाराचा चेहरा ओळखूं आला पाहिजे.

हें साधतें तें एका भारतीयाच्या गणितामुळें. बंगळूर येथें १९४० सालीं जन्मलेले नासिर अहमद हे अमेरिकेंत कॅन्सस स्टेट विद्यापीठांत अध्यापक होते. १९७२ सालीं त्यांनीं आपल्या कल्पनेसाठीं सरकारी अनुदान मागितलें, तेव्हां ‘ही तर फारच साधी’ असा एका परीक्षकाचा शेरा पडला आणि अनुदान मिळालें नाहीं. साधेपणा हा दोष ठरावा, हें नवलच! अहमदांनीं काम सोडलें नाहीं, टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह त्यांनीं १९७४ च्या जानेवारींत तें प्रसिद्ध केलें. १९९२ सालीं ठरलेली चित्रांची ‘जेपेग’ पद्धति याच पायावर उभी आहे.

तिची रीत अशी. प्रथम उजेड व रंग वेगळे करतात. रंगांतील बारकावे डोळ्यास नीट दिसत नसल्यामुळें रंगाची नोंद विरळ ठेवतात. मग चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडून, त्यांतील ६४ आंकडे संथ व शीघ्र अशा ६४ लहरींच्या प्रमाणांत पुन्हां मांडतात. शीघ्र लहरी बहुधा क्षीण असतात. ढोबळ मोजमाप केलें कीं त्यांच्या जागीं शून्यें येतात, आणि शून्यांची रांग थोडक्यांत लिहितां येते. अर्जदारानें मात्र आधीं चित्राची लांबीरुंदी कमी करावी. पासपोर्टाएवढ्या चित्रास कांहींशें बिंदूंची रुंदी पुरते. तें न करतां केवळ दर्जा खालीं ओढीत गेल्यास चेहऱ्यावर चौकोनी डाग उमटतात.

अक्षरांचें प्रकरण निराळें आहे. काळ्यापांढऱ्याची कडा तीक्ष्ण असते, तिला शीघ्र लहरी लागतात. त्या गेल्या कीं अक्षराभोंवतीं धूळ उडाल्यासारखी दिसते. मोडी दस्तऐवज किंवा नकाशा यांसाठीं १९९६ सालची ‘पीएनजी’ पद्धति बरी, कारण तींत एकही बिंदु बदलत नाहीं. जेपेग चित्र बदलून पुन्हां पुन्हां सांठवलें, तर बहुधा दर खेपेस कांहींतरी गळतें, आणि गळलेलें परत मिळत नाहीं. आजोबांच्या एकुलत्या एका छायाचित्राची नातेवाइकांत फिरून आलेली प्रत जपून मूळ पुसून टाकणारीं घरें आज थोडीं नाहींत.

मळवलीचा छापखाना १९७२ सालीं आगींत सांपडला. छापलेलीं चित्रें मात्र जुन्या घरांतून टिकलीं आणि आतां संगणकावरही आलीं आहेत. त्यांतील एकादें मोठें करून पाहावें. प्रत फार दाबलेली असेल तर नुसते चौकोन दिसतात. हात राखून दाबलेली असेल तर लक्ष्मीच्या पदरावर दगडावरच्या कारागिरानें टिपलेले ठिपके एकेक मोजतां येतात.