रानपिंगळ्याचा पत्ता

नरडाण्याहून तापी ओलांडली की शिरपूर आणि तिथून पश्चिमेला, सातपुड्याच्या पायथ्याने शहादा-तळोदा. या पट्ट्यातला रानपिंगळा शतकाहून अधिक काळ शास्त्राच्या लेखी बेपत्ता होता. तो का सापडत नव्हता, याचे एक कारण जंगलात नव्हे, संग्रहालयाच्या कपाटात होते.

१८७२ साली एफ. आर. ब्लूइट यांना आजच्या छत्तीसगडात या घुबडाचा पहिला नमुना मिळाला. पुढच्या वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याला ब्लूइटचे नाव दिले. १८८०च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने खानदेशात आणखी नमुने गोळा केले. जगभरच्या संग्रहालयांत मिळून अवघे सात नमुने होते.

त्यांतल्या एकाच्या चिठ्ठीवर ‘मांडवी, गुजरात, १९१४’ असे होते. तो आपण मिळवला, असा कर्नल माइनर्ट्झहागेन यांचा दावा होता. या नोंदीच्या भरवशावर शोध घेणारे रिकाम्या हाताने परतले. पामेला रासमुसेन यांनी नमुने तपासले, तेव्हा हा पक्षी डेव्हिडसनचाच असून संग्रहालयातून चोरून पुन्हा भरलेला आहे, हे उघड झाले. मांडवी वगळून त्यांनी जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी बेन किंग व डेव्हिड ॲबट यांच्यासह त्यांना शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला, तोही भर दिवसा, निष्पर्ण फांदीवर.

चिठ्ठी खरी असली तरी ती वाचावी लागते. डेव्हिडसनचा ‘खानदेश’ १९०६ साली पूर्व व पश्चिम असा विभागला. पश्चिम खानदेशाचा पुढे धुळे जिल्हा झाला आणि १ जुलै १९९८ला त्यातून नंदुरबार वेगळा निघाला. म्हणजे १९९७ची नोंद धुळे जिल्ह्याची, पण जागा आज नंदुरबारात. संगणकावरच्या सूचीत नुसता जिल्हा भरला, तर एकच जागा दोन ठिकाणी दिसेल.

पुढे मेळघाट, यावल, तानसा येथूनही हा पक्षी नोंदला गेला. २०१८ साली आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ झाला. पक्षी वाढले म्हणून नव्हे, त्याचे ठावठिकाणे अधिक कळले म्हणून. ज्या विरळ सागवनात तो राहतो, त्यावरचा तोडीचा व शेतीचा ताण कायम आहे.

२००२च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या तयार झाल्या आहेत. त्यांत ‘घुबड’ एवढाच शब्द असेल, तर तो साधा पिंगळा की रानपिंगळा, हे कुणाला कळणार? पाडा, तारीख, पाहणाऱ्याचे नाव, छायाचित्र किंवा आवाज, इतके तरी हवे. शोधूनही दिसला नाही, तर तेही लिहावे. पुढे एखाद्या टेकडीवरचा साग तोडायची वेळ येईल, तेव्हा इथे रानपिंगळा होता हे दाखवायला हीच ओळ कामी येईल.